ईश्वरचंद्र विद्यासागर : उंबऱ्याआडच्या अन्यायाची नोंद घेणारा पंडित

बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील कोणत्या गावातील कोणत्या कुलीन पुरुषाने किती स्त्रियांशी विवाह केला आहे, याची यादी १८७१ मध्ये एका पुस्तकात प्रसिद्ध झाली. यादीत शंभराहून अधिक नावे होती. प्रत्येक नावापुढे त्या गृहस्थाचे वय, गाव आणि पत्नींची संख्या दिलेली होती. पंचावन्न वर्षांच्या एका गृहस्थाच्या नावापुढे ८० हा आकडा होता. ही माहिती जमवणारे लेखक होते संस्कृतचे प्रकांड पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर. घराच्या उंबऱ्याआड स्त्रीवर होणारा अन्याय हा कुटुंबाचा खासगी विषय मानला जाण्याच्या काळात त्यांनी त्याची मोजदाद केली आणि ती सरकारपुढे व समाजापुढे ठेवली.

आधुनिक बंगाली गद्याचे शिल्पकार, शिक्षणतज्ज्ञ आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून विद्यासागर देशभर परिचित आहेत. परंतु त्यांच्या कार्याचे मूळ खेड्यात होते आणि त्या कार्याची खरी कसोटीही खेड्यातच लागली.

बीरसिंह ते कोलकाता

ईश्वरचंद्र बंद्योपाध्याय यांचा जन्म २६ सप्टेंबर १८२० रोजी बीरसिंह या खेड्यात झाला. हे गाव आज पश्चिम बंगालच्या पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात आहे. वडील ठाकुरदास कोलकात्यात तुटपुंज्या पगारावर नोकरी करीत. आई भगवतीदेवी गावाकडे संसार सांभाळीत. गावातील पाठशाळेचे शिक्षण संपल्यावर आठ वर्षांचे ईश्वरचंद्र वडिलांबरोबर पायी कोलकात्यास निघाले. वाटेतील मैलाच्या दगडांवरून त्यांनी इंग्रजी अंक शिकून घेतले, ही हकीकत बंगालमध्ये घरोघरी सांगितली जाते.

कोलकात्यात बडाबाजार भागातील एका परिचित कुटुंबाच्या घरी पितापुत्रांना आसरा मिळाला. त्या घरातील रायमणी नावाच्या विधवा स्त्रीने या खेडवळ मुलाला आईची माया दिली. उत्तरायुष्यात लिहिलेल्या आपल्या अपुऱ्या आत्मचरित्रात विद्यासागरांनी तिचे स्मरण मोठ्या कृतज्ञतेने केले आहे. लोक आपल्याला स्त्रियांचा पक्षपाती म्हणतात ते योग्यच आहे, कारण असे वात्सल्य अनुभवूनही जो स्त्रीजातीचा पक्ष घेणार नाही तो कृतघ्नच होय, असा त्या लेखनाचा आशय आहे.

१८२९ मध्ये त्यांनी संस्कृत कॉलेजात प्रवेश घेतला. बारा वर्षांच्या अध्ययनात त्यांनी व्याकरण, काव्य, वेदान्त, न्याय आणि धर्मशास्त्र या शाखांत प्रावीण्य मिळवले. विद्यासागर ही पदवी त्यांना याच काळात प्राप्त झाली आणि पुढे तीच त्यांची ओळख ठरली. १८४१ मध्ये ते फोर्ट विल्यम कॉलेजात मुख्य पंडित झाले आणि १८५१ मध्ये संस्कृत कॉलेजचे प्राचार्य. या पदावर येताच त्यांनी तोवर केवळ ब्राह्मण व वैद्य मुलांसाठी खुले असलेले महाविद्यालयाचे दार प्रथम कायस्थांसाठी आणि नंतर इतर जातींसाठी उघडले.

शास्त्राचे उत्तर शास्त्राने

त्या काळी बंगालमधील उच्चवर्णीय कुटुंबांत मुलींचे विवाह आठ-दहा वर्षांच्या वयात होत. पती अनेकदा वयाने कितीतरी मोठा असे. त्यामुळे संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच अनेक मुलींच्या वाट्याला वैधव्य येई. दिवसातून एकच वेळ जेवण, मासे वर्ज्य, अंगावर पांढरे वस्त्र आणि एकादशीला पाण्याचा थेंबही नाही, असे त्या मुलीचे आयुष्य ठरून जाई. सासरी वा माहेरी ती राबणारे दोन हात म्हणून राही. घरातील एखाद्या पुरुषाने तिच्यावर अत्याचार केला तर कलंक तिलाच लागे. गर्भपात, भ्रूणहत्या आणि आत्महत्या यांची कुजबुज गावोगाव होती. मात्र बोलणारा कोणी नव्हता.

विद्यासागरांच्या चरित्रकारांनी त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग नोंदवला आहे. त्यांचे वृद्ध गुरू शंभुचंद्र वाचस्पती यांनी उतारवयात एका बालिकेशी विवाह केला. त्या मुलीला पाहून शिष्याला अश्रू आवरले नाहीत आणि त्या घरी पाणी घेण्यासही त्याने नकार दिला. थोड्याच काळात गुरू निवर्तले आणि ती मुलगी विधवा झाली. विधवांच्या दुःखावर शास्त्रात काही उपाय नाही काय, असा प्रश्न आई भगवतीदेवी यांनी त्यांना केल्याचेही सांगितले जाते.

विद्यासागरांनी या प्रश्नाचे उत्तर धर्मग्रंथांतच शोधले. केवळ दयेचे आवाहन करून रूढी हटणार नाही, जो समाज शास्त्राचा आधार मागतो त्याला शास्त्राचाच आधार दाखवला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. पती बेपत्ता झाला, मरण पावला, संन्यासी झाला, नपुंसक ठरला किंवा पतित झाला, तर स्त्रीला दुसरा विवाह करता येतो, असे सांगणारे वचन त्यांना पराशर संहितेत सापडले. जानेवारी १८५५ मध्ये त्यांनी विधवाविवाहावरील पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. ऑक्टोबर १८५५ मध्ये दुसऱ्या, अधिक विस्तृत पुस्तकात त्यांनी आक्षेपांचा मुद्देसूद परामर्श घेतला.

त्याच महिन्यात सुमारे एक हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. राजा राधाकांत देव यांच्या पुढाकाराने झालेल्या विरोधी अर्जावर ३६ हजारांहून अधिक सह्या होत्या. संख्याबळ उघडपणे विरोधात असूनही २६ जुलै १८५६ रोजी हिंदू विधवा पुनर्विवाह कायदा संमत झाला. विधवेचा विवाह आणि त्या विवाहातून झालेली संतती यांना कायदेशीर मान्यता मिळाली. मात्र पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा दिवंगत पतीच्या मालमत्तेवरील हक्क या कायद्याने संपुष्टात येत होता. स्त्रीला नवे घर मिळत असताना जुन्या घरातील आधार मात्र सुटत होता.

कायद्यानंतरची लढाई

७ डिसेंबर १८५६ रोजी कोलकात्याच्या सुकिया स्ट्रीटवरील राजकृष्ण बंद्योपाध्याय यांच्या घरी नव्या कायद्यानुसार पहिला विवाह झाला. वर होते संस्कृत कॉलेजचे पंडित श्रीशचंद्र विद्यारत्न, तर वधू होती बर्दवान जिल्ह्यातील पलाशडांगा गावची बालविधवा कालीमती. रस्त्यावर बघ्यांची एवढी गर्दी झाली की पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला. शांतिपूरच्या विणकरांनी विद्यासागरांच्या स्तुतीचे गीत साड्यांच्या काठांवर विणले. दुसरीकडे त्यांची टवाळी करणारी गीतेही गल्लोगल्ली फिरत होती.

यानंतरचा मार्ग खडतर ठरला. खेड्यात विधवाविवाह करणाऱ्या कुटुंबावर बहिष्कार पडे. न्हावी, धोबी आणि पुरोहित येईनासे होत. जमीनदार कुळांना त्रास देत. अशा कुटुंबांच्या पाठीशी विद्यासागर स्वतःच्या पैशानिशी उभे राहिले. लग्नाचा खर्च, नवदांपत्याचा चरितार्थ, प्रसंगी न्यायालयीन खर्च, हे सारे त्यांच्यावर येई. १८६७ पर्यंत झालेल्या साठ विवाहांसाठी सुमारे ८२ हजार रुपये खर्च झाला. साहाय्याचे वचन देणारे अनेक धनिक ऐनवेळी मागे सरले आणि पाठ्यपुस्तकांच्या विक्रीतून उत्तम उत्पन्न असणारे विद्यासागर कर्जात बुडाले. पैशाच्या लोभाने विधवेशी विवाह करून नंतर तिला टाकून देणारे पुरुषही त्यांना भेटले. त्यानंतर ते वराकडून लेखी करार करून घेऊ लागले.

१८७० मध्ये त्यांचे एकुलते पुत्र नारायणचंद्र यांनी भवसुंदरी या बालविधवेशी विवाह केला. आप्तांचा विरोध असतानाही विद्यासागरांनी या विवाहाला आनंदाने संमती दिली. दुसऱ्यांच्या मुलांना जे सांगितले ते आपल्या घरी झाले नसते तर समाजात तोंड दाखवता आले नसते, अशी त्यांची भावना होती.

या चळवळीचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. विष्णुशास्त्री पंडित यांनी विद्यासागरांच्या विधवाविवाहविषयक ग्रंथाचे मराठी भाषांतर केले आणि मुंबईत पुनर्विवाहाच्या प्रसारासाठी मंडळी उभी केली. १८६९ मध्ये मुंबईत झालेला वेणूबाईंचा पुनर्विवाह या प्रयत्नांचेच फलित होते. त्यानंतर १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर या विषयावर मोठा वाद झाला. त्यात निर्णय सुधारकांच्या विरोधात गेला. पराशराचे तेच वचन बंगालप्रमाणे येथेही वादाच्या केंद्रस्थानी होते.

खेड्यातील मुलींच्या शाळा

कायद्याने मिळालेला हक्क वापरण्यासाठी स्त्रीला तो कळला पाहिजे, हे विद्यासागर जाणून होते. १८५० पासून ते बेथून यांनी कोलकात्यात स्थापन केलेल्या मुलींच्या शाळेचे सचिव होते. ती शाळा शहरातील प्रतिष्ठित घरांतील मुलींसाठी होती. खेड्यातील मुलींचा प्रश्न तसाच होता.

१८५५ मध्ये हुगळी, बर्दवान, मेदिनीपूर आणि नदिया या जिल्ह्यांतील शाळांच्या विशेष निरीक्षकाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. नोव्हेंबर १८५७ ते मे १८५८ या अवघ्या सात महिन्यांत त्यांनी या चार जिल्ह्यांत मुलींच्या ३५ शाळा सुरू केल्या. त्यांत सुमारे १,३०० मुली शिकू लागल्या. सरकारची संमती गृहीत धरून त्यांनी हे पाऊल उचलले होते. परंतु १८५७ च्या उठावानंतर सरकारने हात आखडता घेतला. नियमित अनुदान नाकारण्यात आले आणि शिक्षकांचे पगार थकले. ही थकबाकी मिळवण्यासाठी विद्यासागरांना सरकारशी दीर्घ पत्रव्यवहार करावा लागला. शाळा जगवण्यासाठी त्यांनी वर्गणीचा निधी उभारला.

वरिष्ठांशी मतभेद वाढत गेल्यावर १८५८ च्या अखेरीस त्यांनी दरमहा ५०० रुपयांची सरकारी नोकरी सोडली. त्यानंतरचा सारा लढा त्यांनी स्वतःच्या लेखणीच्या कमाईवर चालवला. पुढे १८८४ मध्ये चंद्रमुखी बसू या कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या महिला एम. ए. झाल्या, तेव्हा वृद्ध विद्यासागरांनी त्यांना शेक्सपिअरच्या समग्र साहित्याचा ग्रंथ भेट दिला.

बहुपत्नीकत्वाची मोजदाद

विद्यासागरांच्या कार्याचा सर्वांत कमी परिचित भाग म्हणजे कुलीन बहुविवाहाविरुद्धचा त्यांचा लढा. बंगालमधील राढी ब्राह्मणांत कुलाच्या श्रेणी ठरलेल्या होत्या. कुलीन घराण्यातील मुलगी समान किंवा वरच्या कुलातच देणे बंधनकारक असे. त्यामुळे अशा वरांना मोठी मागणी होती आणि विवाह हा त्यांच्यासाठी उपजीविकेचा व्यवसाय झाला होता. मोठी रक्कम घेऊन लग्न लावायचे, नववधूला माहेरीच ठेवायचे आणि पुढच्या गावी निघून जायचे, असा त्यांचा क्रम होता. पुन्हा भेटीस यायचे तर त्याचेही पैसे घेतले जात. काही जण आपल्या सासुरवाड्यांची नावे वहीत लिहून ठेवत. असा एक पुरुष मरण पावला की अनेक गावांतील अनेक स्त्रिया एकाच दिवशी विधवा होत.

या स्त्रियांची अवस्था विद्यासागरांनी बारकाईने वर्णिली आहे. वडील हयात असेपर्यंत त्यांना माहेरी थारा मिळे. पुढे भावाच्या संसारात त्या बिनपगारी स्वयंपाकीण आणि मोलकरीण होत. भावजयीचे टोमणे आणि अपमान सोसत दिवस काढत. पतीकडे गेल्या तर तिथे हाकलले जाण्याची भीती असे. निराधार झालेल्या कित्येक जणी अखेर शहरातील वेश्यावस्तीत पोहोचत. मारहाणीची खूण अंगावर नसतानाही स्त्रीचे आयुष्य कसे उद्ध्वस्त होते, हे त्यांनी दाखवून दिले. अन्न, निवारा आणि सन्मान नाकारणे ही देखील हिंसाच आहे, ही जाणीव त्यांच्या या लेखनातून स्पष्टपणे प्रकट होते.

बहुपत्नीकत्व कायद्याने बंद करावे, यासाठी १८५५ मध्ये आणि पुन्हा १८६६ मध्ये सरकारकडे अर्ज करण्यात आले. १८५७ च्या उठावामुळे पहिला प्रयत्न थांबला. दुसऱ्या वेळी सरकारने समिती नेमली. तिचे सदस्य असलेल्या विद्यासागरांनी कायद्याचा आग्रह धरला. बहुसंख्य सदस्यांचे मत मात्र वेगळे होते. शिक्षणाच्या प्रसाराने ही प्रथा आपोआप नष्ट होईल, असे मानून विषय बाजूला ठेवण्यात आला. प्रथा ओसरलीच आहे, असे म्हणणाऱ्यांना विद्यासागरांनी १८७१ मधील पुस्तकात गावोगावची यादी देऊन उत्तर दिले. १८७३ मध्ये त्यांनी या विषयावर दुसरे पुस्तक लिहिले. तरीही कायदा झाला नाही. हिंदू पुरुषाला एका वेळी एकच पत्नी असावी, हे बंधन घालणारा हिंदू विवाह कायदा येण्यासाठी १९५५ साल उजाडावे लागले.

करमाटाड आणि अखेरचा काळ

कुटुंबातही विद्यासागरांना स्वास्थ्य लाभले नाही. १८६९ मध्ये भावंडांशी झालेल्या मतभेदानंतर त्यांनी बीरसिंह गाव कायमचे सोडले. वर्तनाने निराशा केलेल्या पुत्राला त्यांनी १८७५ च्या मृत्युपत्रात वारसाहक्कातून वगळले. त्याच मृत्युपत्रात त्यांनी नात्यातील आणि नात्याबाहेरील अनेक निराधारांना मासिक वेतनाची तरतूद केली. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. पत्नी दिनमयीदेवी यांचे आयुष्य बहुतांशी बीरसिंहातच गेले. इतरांच्या मुलींसाठी शाळा काढणाऱ्या विद्यासागरांच्या स्वतःच्या घरी पत्नीच्या शिक्षणाची सोय झाली नाही, ही उणीव अभ्यासकांनी दाखवली आहे. ती नाकारता येत नाही.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी आजच्या झारखंड राज्यातील करमाटाड येथे संथाळ आदिवासींच्या सहवासात बऱ्याच अंशी व्यतीत केली. तिथे ते होमिओपॅथीची औषधे देत आणि रुग्णांची शुश्रूषा करीत. मुलींसाठी आणि प्रौढांसाठी त्यांनी शिक्षणाची सोयही केली. त्या गावचे रेल्वे स्थानक आज विद्यासागर या नावाने ओळखले जाते.

१८९० मध्ये कोलकात्यात फुलमणी नावाची सुमारे अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या बळजबरीमुळे रक्तस्राव होऊन मरण पावली. संमतीवयाची कायदेशीर मर्यादा तेव्हा दहा वर्षे असल्याने पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. देशभर खळबळ उडाली आणि संमतीवय बारा वर्षांपर्यंत वाढवण्याचे विधेयक आले. सरकारने विद्यासागरांचे मत मागवले. फेब्रुवारी १८९१ मध्ये दिलेल्या टिपणात त्यांनी विधेयकाच्या स्वरूपाला पाठिंबा दिला नाही. अनेक मुली बारा वर्षांनंतरही वयात येत नाहीत, त्यामुळे ही मर्यादा त्यांना पुरेसे संरक्षण देणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुलगी वयात येण्यापूर्वी पतीने केलेला शरीरसंबंध, तिचे वय काहीही असो, गुन्हा मानावा, असे त्यांनी सुचवले. ही सूचना स्वीकारली गेली नाही. मार्च १८९१ मध्ये विधेयक मूळ स्वरूपात संमत झाले. विवाहित मुलीच्या शरीरावर पतीचा निरंकुश हक्क नाही, हे तत्त्व मात्र या वादातून सार्वजनिक चर्चेत आले. २९ जुलै १८९१ रोजी कोलकात्यात विद्यासागरांचे निधन झाले.

आजचा संदर्भ

विद्यासागरांनी ज्या अन्यायांविरुद्ध लेखणी उचलली, त्यांतील अनेकांवर स्वतंत्र भारतात कायदे झाले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला मालमत्तेवर पूर्ण स्वामित्व दिले. पती व सासरच्या मंडळींकडून होणारी क्रूरता १९८३ मध्ये स्वतंत्र गुन्हा ठरली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. शारीरिक व लैंगिक अत्याचाराबरोबरच मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी यांचाही समावेश या कायद्याने हिंसेच्या व्याख्येत केला आणि सामायिक घरात राहण्याचा स्त्रीचा हक्क मान्य केला. भावाच्या दारी निराधार पडलेल्या कुलीन स्त्रीला नेमका हाच हक्क नव्हता.

तरीही कायदा आणि उंबरा यांमधील अंतर पूर्णपणे मिटलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे ३२ टक्के, तर शहरी भागात २४ टक्के होते.

हे आकडे गावोगावच्या स्त्रियांना प्रत्यक्ष प्रश्न विचारून मिळवलेले आहेत. घरातील गोष्ट घरातच राहावी, असे सांगणारा समाज विद्यासागरांच्या काळीही होता. त्यांनी गावांची आणि माणसांची नावे लिहून काढली, कायदा मिळवला आणि तो प्रत्यक्षात उतरावा म्हणून एकेका विवाहाचा खर्च स्वतः उचलला. गावातील पीडित स्त्रीला संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवणारी आशा सेविका, तिच्यासोबत ठाण्यात जाणारी बचतगटातील शेजारीण आणि बालविवाहाची वेळीच खबर देणारे शिक्षक हे आज त्याच कामातील पुढचे पाऊल टाकत आहेत.